खुर्च्यांपुढून

आमच्या गावात चावडीपुढून जाताना बायका चपला हातात घेतात. मोठी माणसं बसलेली असतात, म्हणून मान खाली आणि पाऊल हळू. माझी लेक सातवीत आहे. तिला हे मीच शिकवलं.

ती माझ्यासारखीच अबोल. वर्गातल्या पोरी तिला मुकी म्हणायच्या. यंदा तिचं धावणं पाहून त्यांनीच तिला खो-खोत ओढलं, आणि ती घरी येऊन बोलू लागली. कोण पडलं, कोण रडलं, कोणी कोणाला चिडवलं, सगळं मी भाकरी थापताना ऐकायचे. मला ते फार आवडायचं.

परवा शाळेच्या मैदानावर शेजारच्या गावच्या पोरींशी सामना होता. मी बायकांत मागे बसले. खांबापलीकडे मोठ्या माणसांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. मधल्या खुर्चीवर माझे सासरे.

लेक एका पोरीच्या मागे धावत खांबापाशी आली, समोर खुर्च्या दिसल्या आणि थबकली. मान खाली घालून हळू चालतच वळली. ती पोरगी निसटली.

"अवं पळ ना! काऊन थांबली?" तिच्याच संघातली एक ओरडली. "नवरी हायेस काय मांडवातली?"

लोक हसले. सासरे मात्र शेजारच्याला म्हणाले, "पाहा, पोरीले वळण हाय." खरं सांगते, आधी मला बरंच वाटलं. मग डाव संपला, पोरी पाणी प्यायला बसल्या, आणि सगळ्या तिच्यापासून सरकून बसल्या.

पुन्हा पाठलागाची पाळी आली तेव्हा तिने बायकांत मला शोधलं. ती काय विचारते आहे ते मला कळलं. नुसती मान हलवायची होती. पण सासरे इकडेच पाहतात असं वाटलं, आणि मी पदर ओढून खाली बघत राहिले.

आरडाओरडा झाला तेव्हा वर पाहिलं. ती खुर्च्यांपुढून सुसाट वळली होती. सासरे धोतरावरची धूळ झटकत होते आणि पुढची पोरगी बाद झाली होती.

"अवं मुके, भारीच पळते तू तं!" पोरी तिच्या गळ्यात पडल्या.

घरी निघालो तरी माणसं खुर्च्यांवरच होती. मी वाकून चपला हातात घेतल्या. लेक पायातल्या चपला न काढता तशीच चालत पुढे गेली. खुर्च्या मागे पडल्यावर ती थांबली.

"माय, खडे टोचत नाय का वं तुले?"

"नाय," मी म्हणाले. टोचत होते.