फ्रीजवरचा आकडा

संगणकातला एक बिटसुद्धा वाया न घालवणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच आहे, आणि माझ्या नशिबानं तो माझा साडू आहे. बिट म्हणजे संगणकातली सगळ्यांत छोटी जागा. तिथं एक मावतो, नाहीतर शून्य. आपण साध्या हो-नाहीसाठी कागद खर्ची घालतो, साडूभाऊ आठ हो-नाही एका आकड्यात कोंबतात. कोंबतात म्हटलेलं मात्र त्यांना खपत नाही. "बसवतो म्हणा," म्हणतात. गंगापूरच्या एका लग्नाला त्यांनी तिघांचे कपडे असेच एका पिशवीत बसवले होते. मांडवात पिशवी उघडली तेव्हा अक्काच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, पैठणीला बुटाचा आकार आला होता.

गारखेड्यातल्या त्यांच्या घरी फ्रीजवर रोज सकाळी एक आकडा लिहिलेला असायचा. दूध घेतलं असेल तर एक, गॅस बंद असेल तर दोन, पाण्याची टाकी भरली असेल तर चार; जे झालं असेल त्याची बेरीज. शिवाय आठाची एक गुप्त जागा होती: अक्का रागावलेली असेल तर आठ. ती फक्त आम्हां दोघा साडवांना ठाऊक. पंधरा दिसले की मी चहाची वाट न बघता चपला घालायचो. अक्का म्हणायची, "मला त्यातलं काय कळत नाय. लिहितेत तर लिहू द्या."

पोटापाण्यासाठी साडूभाऊ डाळ निवडायच्या यंत्रांचे प्रोग्राम लिहितात. कॅमेऱ्यासमोरून डाळ पडते, प्रत्येक दाण्याचे ठिपके होतात. काळा ठिपका एक, स्वच्छ ठिपका शून्य. 'एक' जास्त झाले की हवेची फुंकर बसते आणि खडा बाहेर. दाणा खाली पोचायच्या आत ही मोजणी झाली पाहिजे. त्यासाठी साडूभाऊंनी फार वर्षांपूर्वी बारा ओळी लिहिल्या होत्या, आणि त्या त्यांनी मुलीसाठी सोयरीक घेऊन आलेल्या मंडळींनाही पोह्यांबरोबर दाखवल्या होत्या. सोयरीक जमली नाही.

यंदा फुलंब्रीच्या एका डाळमिलमध्ये त्यांचं नवं, दुप्पट वेगाचं यंत्र बसलं. आठ दिवसांत मालकांचा फोन आला. "साब, खडे खाली यायलेत अन् चांगली डाळच उडायली. सोमवारपर्यंत बघा, नाय तर मशीन घेऊन जा." मोजणी उशिरा संपायची, तोवर खडा निघून जायचा आणि फुंकर मागच्या दाण्याला बसायची. यंत्र परत आलं असतं तर साडूभाऊंची आयुष्यभराची इज्जतही त्याच टेम्पोतून परत आली असती. तीन दिवस ते त्या बारा ओळींतली एकेक बेरीज वाचवत बसले. फरक पडेना.

शेवटी त्यांच्या हाताखालच्या शेख मॅडम म्हणाल्या, "सर, एकदा साधं लिहून बघू का? शाळेत शिकवतेत तसं, एकेक मोजत." साडूभाऊ हसले. मग वर्कशॉपमधल्या तशाच यंत्रावर ते चालवलं, मोजणी वेळेत संपली आणि त्यांचं हसू मावळलं. नव्या चिपमध्ये किती 'एक' आहेत ते मोजायची सोय आधीच असते. आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरनं मॅडमची साधी मोजणी ओळखली आणि ते काम एका फटक्यात चिपवर सोपवलं. साडूभाऊंची करामत त्याला ओळखताच आली नव्हती.

सोमवारी फुलंब्रीला मीच त्यांना गाडीवरून नेलं. खडे बरोबर उडू लागले, मालकांनी साडूभाऊंना मिठी मारली. ते म्हणाले, "मॅडमनं केलंय. माझंच लिहिलेलं आडवं यायलं होतं." आणि सगळ्यांदेखत त्यांनी स्वतःच्या बारा ओळी पुसल्या. मला त्यांचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता, आणि इतकं वाईटही.

दुसऱ्या दिवसापासून फ्रीजवर आकडा नव्हता. चिठ्ठी असायची: "दूध घेतले आहे. गॅस बंद आहे. टाकी भरली आहे." त्या आकड्याची मी वर्षानुवर्षं टिंगल केली होती, पण चिठ्ठी वाचून मला अन्न गोड लागेना.

चौथ्या दिवशी मी तिथंच होतो. अक्का पदराला हात पुसत आली, तिनं चिठ्ठी काढली आणि फ्रीजवर ठळक सात लिहिले. साडूभाऊंनी बोटांवर बेरीज लावली; दूध, गॅस, टाकी होती, आठ तेवढे नव्हते.

"तुला आठाचं ठाऊक होतं?"

"पहिल्यापासून," अक्का म्हणाली. "आज नाहीत ते. बसा दोघं, चहा टाकते."