विलासचा डबा आणि विलासचं कपाट

खाऱ्या हवेत अँपच्या जाळीवर गंज चढतो ना, तसे आमच्या ऑर्केस्ट्रा पार्टीत किस्से चढतात. आज पुसा, चार दिवसांनी परत आहेतच. मी चौथी नापास माणूस, ढोलकी वाजवतो आणि टेम्पो चालवतो. लिहिणं माझं काम नव्हे. पण बंड्या म्हणजे आमचा कीबोर्डवाला आणि पार्टीचा मालक, तो हे किस्से लोकांना सांगताना निम्मे चुकीचे सांगतो. म्हणून मलाच बसावं लागलं.

किस्से सगळे विलासचे. विलास आमचा बेस गिटारवाला. बेस म्हणजे जाड तारांची गिटार, जी वाजत असताना कुणाचं लक्ष नसतं आणि बंद पडली की गाण्यात काय कमी झालं ते कुणाला सांगता येत नाही. माणूसही तसाच.

*

विलासकडे आधी एकच लहान अँप होता, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी. त्याला आम्ही 'डबा' म्हणायचो. एका हातात गिटार, एका हातात डबा, आला कार्यक्रमाला. सुखाचा संसार!

एक दिवस म्हणाला, "तात्या, मोठा अँप घ्यायचाय. टेम्पो काढ, कोल्हापूरला जाऊ."

दुकानदार चांगला होता. त्याने रीतसर विचारलं, "हॉलमध्ये वाजवता की मैदानात? किती लांब आवाज जायला हवा?"

विलास म्हणाला, "मिरकरवाड्याच्या जेटीवरून आमच्या घरापर्यंत. घर वर चढावर आहे."

दुकानदाराने हातातला कॅटलॉग मिटला. मग म्हणाला, "मग काका, बोटीचा भोंगा घ्या की!"

मी हसलो. विलास हसला नाही. त्याने दुकानातला सगळ्यात मोठा अँप घेतला. मला पटला नव्हता, पण मला विचारतो कोण? त्या अँपचं नाव पडलं 'कपाट'. घाट उतरताना टेम्पो मागून ढकलल्यासारखा धावत होता.

*

कपाटाचा पहिला कार्यक्रम मिरकरवाड्यातच, मासळी बाजारामागच्या लग्नाच्या हॉलमध्ये. हॉल म्हणजे वर पत्रे, खाली फरशी, दोनशे माणसं बसली तर एकमेकांत अडकून तिसऱ्याच दिवशी उठायची. तिथे डबासुद्धा जास्त झाला असता. हा कपाट घेऊन आला! चौघांनी उचललं. दारातून जाईना. नवरा-नवरीचा सोफा बाहेर काढला, तेव्हा ते आत गेलं.

त्यात शहाण्याने कपाटाचं तोंड लोकांकडे नाही, उघड्या खिडकीकडे केलं.

पहिली तार छेडली आणि पत्रे बोलायला लागले. पंगतीसाठी मांडून ठेवलेले पेले ताटांवरून चालत निघाले. भटजी अंतरपाट तसाच हातात धरून ओरडले, "अहो, मी मंगलाष्टका म्हणू की खिडक्या धरू?"

*

पुढच्याच महिन्यात वेळणेश्वर. समुद्राला लागून उघडं पटांगण, समोर हजारभर माणूस, वारा असा की गाणाऱ्या बाईचा आवाज तिच्याच तोंडात परत जायचा. इथे हवं कपाट! फेरीबोटीत टेम्पो चढवताना मागे बघतो तर विलासच्या मांडीवर डबा.

"मेल्या, मोठं कुठाय?"

"घरी."

"घरी काय पापड वाळवतोस त्याच्यावर?"

"एवढ्या लांब कशाला न्यायचं, तात्या."

कार्यक्रमात त्याचा आवाज पहिल्या रांगेलासुद्धा गेला नाही. मध्यंतरात एक म्हातारा स्टेजजवळ आला आणि मला म्हणाला, "त्या कोपऱ्यातल्या गिटारवाल्याची वायर लावायला इसरलाव काय?"

बंड्याने तेव्हापासून धोशा लावला, "मोठ्या मैदानाला डबा आणि खुराड्याला कपाट! ह्या माणसाचं डोकं उलटं बसवलंय!"

*

उलटं नव्हतं. ते मला पावसाळ्यानंतर कळलं. विलासला घ्यायला त्याच्या घरी गेलो होतो. तो आंघोळीला गेलेला. त्याची बायको, शालनवहिनी, खिडकीशी लोखंडी खाटेवर. लकव्याने एक बाजू गेली होती. पूर्वी जवळचा एक कार्यक्रम चुकवायची नाही, पुढच्या रांगेत मांडीवर पर्स घेऊन बसायची. आता त्या खाटेवरून खाली उतरणं नाही.

मला म्हणाली, "काय भावोजी, काल दुसऱ्या गाण्यात तुमचा गडी चुकला ना?"

काल आम्ही जेटीजवळ वाजवत होतो. मी म्हटलं, "वहिनी, एवढ्या लांब गाणं ऐकू येतं?"

"गाणं नाय येत. बाईचा आवाज नाय, तुमची ढोलकी पण नाय. यांची तेवढी धम्म धम्म येते. खाटेच्या लोखंडाला हात लावला की बोटांना कळतं."

तेवढ्यात विलास डोकं पुसत बाहेर आला.

"चुकलात की नाय?"

"नाय गो, कुठे चुकलो!"

"दुसऱ्या गाण्यात. कडव्यानंतर घाई केलीत. या भावोजींना विचारा."

मी विलासच्या शेजारीच बसून वाजवतो. मला कळलं नव्हतं, बंड्याला कळलं नव्हतं. पूर्ण रत्नागिरीत एकटीला कळलं, ते पण खाटेवर पडून!

त्यानंतर कपाट उचलताना मी शिव्या देणं सोडलं, असं कुणी समजू नये. कंबर माझी होती.

*

परीक्षेच्या दिवसांत जेटीवर संध्याकाळचा कार्यक्रम होता. कुणीतरी तक्रार केली आणि हवालदार आला. "बंद करा! पोरं अभ्यासाला बसलीत."

विलास खाली उतरला. त्याने चढावरची एक खिडकी बोटाने दाखवली आणि दोनच वाक्यं बोलला. हवालदार खिडकीकडे बघत उभा राहिला. मग बंड्याला म्हणाला, "तुम्ही बाकीचे सगळे बंद. हा एक गाणं वाजवेल."

बंड्या म्हणाला, "साहेब, नुसत्या बेसवर लोक नाचणार कसे?"

"नाचायला कोण सांगतंय? बसा सगळे खाली!"

बसले! अख्खं पटांगण मुकाट बसलं. विलासने एकट्याने पूर्ण गाणं वाजवलं, धम्म, धम्म. कुठलं गाणं ते कुणालाच कळलं नाही. संपल्यावर टाळी वाजवायची की नाही, हे पण कळेना. हवालदारानेच पहिली वाजवली.

*

शालनवहिनी भाद्रपदात गेली. विलास मग आलाच नाही. आम्ही बेसशिवाय वाजवत होतो. बंड्या कीबोर्डवर डाव्या हाताने काहीतरी भागवायचा.

मग जेटीवरचाच कार्यक्रम आला आणि विलासचा फोन, "तात्या, येतो मी."

कपाट उचलायला दोन खलाशी घेऊन गेलो. घरात खाट नव्हती. खिडकीशी तिच्या जागेवर कपाट उभं होतं, वर चादर घातलेली. विलास एका हातात गिटार, एका हातात डबा घेऊन निघाला.

मी म्हटलं, "अरे, उघडं पटांगण आहे. वारा सुटलाय. डबा पुरायचा नाही."

"पुरेल," म्हणाला.

खलाशांना परत पाठवलं.

कार्यक्रम झाला. टाळ्या झाल्या. बंड्या माणसांत गेला. विलासने वायर काढली, कोपरावर गुंडाळली आणि माझ्याजवळ येऊन डब्यावर बसला.

"तात्या, दुसऱ्या गाण्यात मी चुकलो."

"हं."

"कळलं कुणाला?"

मी म्हटलं, "नाही."