‘किडं पडत्यात’

गेट रंगवायला आलेल्या रंगाऱ्यानं टर्पेंटाईनची बाटली उघडली आणि त्या उग्र वासासरशी मला कराडच्या कॉलेजातला माझा एक तास आठवला. जीवशास्त्राचा इतिहास चालला होता. सडक्या मांसात किडे आपोआप जन्मतात असं माणूस हजारो वर्षं मानत आला, मग युरोपात एकानं मांसाच्या बरणीवर कापड बांधलं, माश्या अडल्या आणि किडे झालेच नाहीत, हे मी रंगवून सांगत होतो. खिडकीशी बसलेली, माण तालुक्यातल्या मेंढपाळाची मुलगी उठली. सकाळीच गावाकडून आली होती. मेंढीच्या जखमेत घालतात त्या टर्पेंटाईनचा वास तिच्या ओढणीला होता. म्हणाली, "सर, आमच्यात कुणी आपोआप म्हणत न्हाई. माशी अंडी टाकती म्हणून तर किडं 'पडत्यात' म्हंत्यात. माझा बा पहिल्यापासनं जखमंवर फडकं बांधतोय." मी म्हणालो, "आधी 'न्हाई' नको, 'नाही' म्हणायला शिक." वर्ग खदखदून हसला. ती खाली बसली ती वर्षभर पुन्हा उठली नाही. परीक्षेत तोच प्रश्न आला. तिनं पुस्तकातलं उत्तर जसंच्या तसं, शुद्ध भाषेत उतरवलं होतं. बापाचं फडकं त्यात कुठंच नव्हतं. मी खूश होऊन पैकीच्या पैकी गुण दिले. आज मला बाटलीपाशी थबकलेला बघून रंगारी म्हणाला, "सर, वासाचा तरास हुतोय व्हय?" "न्हाई," माझ्या तोंडून निघालं.