वाट बघून आलो

ललिताच्या वडिलांनी फौजेत खेचरं सांभाळली. निवृत्त होऊन विश्रांतवाडीत घर केलं तरी त्यांना जनावराशिवाय करमेना. त्यांनी खेचरं विकत घेतली आणि लेकीला सगळं शिकवलं: दोन्ही बाजूंच्या गोणी सारख्या कशा भरायच्या, खोगिराचा तंग कधी आवळायचा, जनावर बुजलं की आपला आवाज कसा खाली आणायचा. पुढं नवऱ्यानं, पोपटनं, हिंजवडीच्या कंपनीची बस चालवायला घेतली आणि ललितानं वडिलांची खेचरं. पुण्यात खेचरं कशाला लागतात, असं लोक विचारायचे.

"गडावर लिफ्ट नाही म्हणून," ती सांगायची.

सुट्टीच्या दिवशी आयटीतली मंडळी वेल्ह्याकडच्या एका गडाच्या माचीवर मुक्कामाला जात. त्यांचे तंबू, पाण्याचे कॅन, स्वयंपाकाची भांडी ललिताची खेचरं वर चढवायची. पण विश्रांतवाडीत इमारती वाढत गेल्या आणि जनावरं बांधायला जागा उरली नाही. तेव्हा पोपटच्या ओळखीनं हिंजवडीचे जयसिंग भेटले. त्यांची बहुतेक शेती काचेच्या इमारतींखाली गेली होती. ओढ्याकडेचा एक तुकडा आणि रिकामा गोठा तेवढा राहिला होता.

"ताई, गोठा मोकळाच हाय," जयसिंग म्हणाले. "जनावरांचा वास आला तर मलाबी घर घरासारखं वाटंल."

हळूहळू तेही तिच्याबरोबर गडावर येऊ लागले. टेम्पो त्यांचा, खेचरं तिची. त्यांची बायको बायडाबाई ललिताला चुलीपाशी बसवून गरम भाकरी वाढायची. बौद्धांची बाई रोज घरात जेवते म्हणून गावात काहींनी नाक मुरडलं, तेव्हा जयसिंगनी त्यांना पारावर सुनावलं, "ती माझी बहीण हाय. पुन्हा बोलू नका."

ललितानं हे घरी सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. पोपट एवढंच म्हणाला, "चांगलं आहे. भाऊ मिळाला तर कुणाला नको?"

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी अवकाळी पाऊस झाला. माचीच्या अलीकडे कड्याला चिकटून जाणारी अरुंद वाट आहे. पाऊस पडून गेला की आधी कुणीतरी मोकळ्या हातानं ती चालून बघायची आणि मगच खेचरं काढायची, हा ललिताचा नियम होता. रविवारी सकाळी पायथ्याच्या तळावर एका खेचराचा पाय थोडा सुजला होता. ती शेक देत बसली होती, म्हणून जयसिंग म्हणाले, "तुम्ही बसा, मी बघून येतो."

बऱ्याच वेळानं ते परत आले. "बघून आलो ताई. वाट चांगली हाय. वर लोक च्यासाठी खोळंबल्यात, काढा आता."

ललितानं उलट काही विचारलं नाही. भावाला काय विचारायचं?

तिनं सुभेदारला पुढं घेतलं. वडिलांनी शिंगरू असताना आणलेलं ते खेचर होतं. नेहमी सगळ्यांच्या पुढं चालायचं म्हणून त्याचं नाव सुभेदार. अरुंद वाटेच्या मध्यावर त्याच्या मागच्या पायाखालची कड सुटली. ललितानं दोर सोडला नाही. दोर तळहातांची साल काढत निसटला आणि सुभेदार गोणींसकट खाली गेला. दोन्ही मागचे पाय मोडले होते. जनावरांचे डॉक्टर येऊन त्याला कायमचं झोपवायची सुई देईपर्यंत ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

तोवर तळावर गर्दी झाली होती. मुक्कामाची व्यवस्था बघणारे, गावचे लोक, घाबरलेले पाहुणे. व्यवस्थापकानं विचारलं, "पाऊस पडल्यावर जनावर काढलंच कसं?"

जयसिंग पुढं झाले. "मी ह्या बाईंना सांगत होतो, थांबू म्हणून. ऐकल्याच न्हाईत."

ललिता त्यांच्याकडे बघत राहिली. खोटं तर तिला कळलंच, पण त्याहून 'बाई' हा शब्द आत रुतला. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून तो कधी आला नव्हता. तिला बोलायचं होतं. पण ती गप्प राहिली, म्हणजे चूक तिचीच, असं सगळ्यांनी धरलं.

दुसऱ्या दिवशी ती गोठ्यावर गेली. जयसिंग घरात नव्हते. बायडाबाईनं तिच्या सोललेल्या हातांना हळद लावली आणि खाली मान घालून म्हणाली, "ते वाटेवर गेलंच न्हवतं. तळापलीकडं, वर जायला थांबलेल्या पाहुण्यांच्या तंबूत बसून माझ्याशी फोनवर बोलत हुतं. मागं पाहुण्यांची गाणी ऐकू येत हुती."

"वहिनी, हे त्या लोकांसमोर सांगाल?"

"मला ह्याच घरात ऱ्हायचंय, ललिता."

"मग मला तरी कशाला सांगितलंत?"

बायडाबाईनं पदर डोळ्यांना लावला. ललितानं हात सोडवून घेतला. उरलेल्या दोन्ही खेचरांचे दोर सोडले आणि कंपन्यांच्या बसगाड्यांमधून वाट काढत ती चालत विश्रांतवाडीकडे निघाली. येरवड्यापाशी पोपट समोर आला आणि त्यानं काही न विचारता एक दोर हातात घेतला.

धानोरीला एका नातेवाइकाच्या मोकळ्या प्लॉटवर खेचरं बांधली. गडावरचं काम आता तिला कुणी देईना. शहराच्या कडेच्या एका टेकडीवर देवळाची डागडुजी चालली होती, तिथं विटा आणि वाळू चढवायचं काम तिनं धरलं.

उन्हाळ्यात जयसिंग ललिताच्या घरी आले. त्यांनी नवी खेचरं घेतली होती, हाकायला भैरू नावाचा माणूस ठेवला होता. पण जनावरं त्या अरुंद वाटेवर पाऊल टाकत नव्हती.

"ताई, तुम्ही एकदा चला. तुमचं ऐकतील," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "त्या दिवशी चुकलंच माझं. सगळी माझ्याकडंच बघत हुती. जीभ घसरली."

"हे तळावर सगळ्यांसमोर म्हणाल?"

जयसिंग कपातल्या चहाकडे बघू लागले. "आता जुनं उकरून काय उपयोग? घरातलं घरात मिटवू की."

"घर कुणाचं, जयसिंगराव?"

तिनं नेहमीसारखं दादा म्हटलं नाही, हे त्यांना कळलं. ते उठले आणि चपला घालून जिना उतरून गेले.

पोपटनं अर्धा राहिलेला कप उचलला. "चहा तरी पुरा घ्यायचा," तो म्हणाला. "दूध चांगलं होतं."

ललिताला हसू आलं, आणि हसता हसताच ती रडायला लागली. सुभेदार गेला त्या दिवशीही ती रडली नव्हती. पोपट कप तसाच हातात धरून तिच्याशेजारी जमिनीवर बसला.