उधाणाच्या मापाचा कॅपॅसिटर

मी पेणच्या खारेपाटातला, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतला. चौथी पास. फौजेत सिग्नलमध्ये हवालदार म्हणून रिटायर झालो. चौथी पासवाला काय सांगणार, असं ज्याला वाटत असेल त्याने इथेच थांबावं. बाकीच्यांनी ऐकावं.

नव्वदनंतरची गोष्ट. पावसाळ्यात कुंडलिका नदी फुगली आणि आमच्या कॉलमला पूरमदतीसाठी रोह्याला जायचा हुकूम झाला. काश्मीर बघितलं, आसाम बघितलं, पण ड्युटीवर घराच्या वाटेने कधी गेलो नव्हतो. गाडीत इकडचे दोघेच, मी आणि नाईक एलिया रोहेकर. एलिया रोह्याचा, बेने इस्रायली म्हणजे कोकणातला ज्यू, आमचा रेडिओ मेकॅनिक. पेण जवळ आलं तसा चालत्या गाडीत उठून उभा राहिला.

"म्हात्रे, वास घे! खाडी हाय!"

पेणला एका शाळेत हॉल्ट. आम्ही वायरलेस सेट तपासायला घेतले. घरच्या विजेवर सेट चालवायला पॉवर सप्लायचा एक डबा असतो. आत वीज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर, ती एकाच दिशेने सोडणारा डायोड, आणि वीज साठवून सेटला एकसारखी देणारा कॅपॅसिटर. आमच्या कॅपॅसिटरचं डोकं फुगलं होतं. कोलाडला जाणाऱ्या पार्टीच्याही. स्पेअर होते ते पंचवीस व्होल्टचे.

सुभेदारसाहेब हरयाणाचे. म्हणाले, "ट्रान्सफॉर्मर अठारह देता है, ये पच्चीस का है. लगा दो."

एलिया माझ्याकडे बघून हसला. हे त्यानेच मला शिकवलेलं, तेही माझ्याच गावच्या भाषेत. मीटर अठरा दाखवतो ती रोजची भरती. विजेच्या लाटेचा माथा त्याच्या वर असतो, पार पंचविसाला टेकतो, आणि डायोडच्या पुढे कॅपॅसिटर त्या माथ्यापर्यंत भरतो. त्यात मेन्स, म्हणजे घरची वीज, चढली की आणखी वर. आमच्या खारेपाटात समुद्राकडचा बांध रोजच्या भरतीएवढा कोणी घालतं का? उधाणाचं माप धरतात आणि वर हातभर माती टाकतात. कॅपॅसिटरवर छापलेला आकडा म्हणजे काठोकाठचा आकडा. तिथपर्यंत त्याला कधी भरायचंच नाही. साहेबलोक याला व्होल्टेज डीरेटिंग म्हणतात. आम्ही उधाणाचं माप म्हणायचो.

"साहेब, ये मैं नहीं लगाऊंगा."

"हुक्म है, म्हात्रे."

"सेट बंद पडा तो जवाब किसका?"

"तेरा!"

"तो लगेगा भी मेरे हिसाब से."

साहेब लालबुंद झाले, पण जाऊ दिलं. पेणच्या बाजारात गणपती मंडळांचे अँप्लिफायर दुरुस्त करणारा एक जण होता. त्याच्याकडे पन्नास व्होल्टचा मिळाला. एकच. दुसरा असता तर कोलाडवाल्यांना दिला असता. त्यांनी मुकाट्याने पंचविसाचा बसवला.

आमचा एवढा मोठा की डब्यात मावेना. एलियाने तो बाहेर काढून पत्र्याच्या पट्टीने डब्याच्या कुशीला बांधला.

"बरं झालं," तो म्हणाला. "आत ट्रान्सफॉर्मर तापतो. धग लागली की कॅपॅसिटर लवकर म्हातारा होतो."

साहेब ओरडले, "ये क्या लौकी लटका रखी है?" लौकी म्हणजे दुधी भोपळा. सगळी पार्टी हसली. मीही हसलो. पट्टी मात्र सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी रोहा. आमचं स्टेशन तिथल्या एका शाळेच्या माडीवर, कॉल साइन म्हणजे रेडिओवरचं नाव अल्फा. एलिया पाठीवर बॅटरीचा सेट घेऊन बोटीत, ब्राव्हो. नदीपलीकडे एका शेतघरावर माणसं अडकली होती आणि तिकडच्या वाटा त्याला पाठ. कोलाड नदीच्या वरच्या अंगाला. वरून पाणी वाढलं की त्यांनी कळवायचं, मी बोटीला सांगायचं.

सकाळभर सेट बॅटरीवर चालले, त्या उतरत आल्या. दुपारी वीज आली, पण अर्ध्याच गावात. विजेला गिऱ्हाईक कमी, म्हणून लाईन चढायला लागली; कोलाडलाही तीच लाईन. मीटरचा काटा दोनशे तीसच्या जागी दोनशे सत्तरकडे गेला. तेवढ्यात कोलाड बोललं.

"अल्फा, बहुत पानी आ रहा है, बोट को..."

खट्. पुढे नुसती खरखर.

साहेबांनी लौकीकडे बघितलं. मी हात लावला. कोमट. फुगली नव्हती, सेट चालू होता!

"ब्राव्हो, अल्फा. बोट वापस. ओव्हर."

"अल्फा, दो बुढ़िया बाकी हैं. थोड़ा टाइम. ओव्हर."

टाइम कुठला? खाडीला भरती लागलेली. वरचं पाणी आणि खालचं पाणी त्याच शेतावर भेटणार होतं. मी रेडिओवर बोलायची प्रोसिजर खुंटीला टांगली.

"एलिया! वरून पानी येतंय, खालून उधान हाय! माघारी फीर रं!"

क्षणभर खरखर. मग आवाज आला. "व्हय. उचलल्या. निघालो."

आम्ही खिडकीशी धावलो. बोट झाडांतून बाहेर पडली, आणि तिच्या मागून गढूळ पाण्याची भिंत, त्यावर गवताची अख्खी उडवी तरंगत! बोट शाळेच्या पायऱ्यांना लागली आणि तिकडे शेतघराची कौलं दिसेनाशी झाली. खाली ही आरडाओरड! एलियाच्या पाठीवर सेट, बगलेत कोंबडी.

"उतर गो आजी!"

"आधी माजी कोंबडी दे!"

साहेबांनी माझ्या पाठीत असा रट्टा घातला की अजून आठवतो. "म्हात्रे, तेरी लौकी ज़िंदाबाद!"

नंतर कळलं, कोलाडचा कॅपॅसिटर फुटला होता. आतला कागद छताला चिकटलेला.

पाणी उतरल्यावर, मुलगा सुखरूप परतला म्हणून एलियाच्या आईने नवस फेडला. गोड पोह्यांचा मलिदा केला, साऱ्या पार्टीला पोटभर वाढला. सुभेदारसाहेबांनी दोनदा मागून घेतला.

त्याच थंडीत आम्ही वर काश्मीरात पोस्टवर होतो. गोळाबारीत टेलिफोनची लाईन तुटली. एलिया जोडायला गेला. आम्ही पोचलो तेव्हा तो बर्फात पडलेला होता. लाईन जोडलेली होती. टेलिफोन लावला तर पलीकडून कोणी हॅलो, हॅलो करत होतं.

सुट्टीवर आलो तेव्हा रोह्याला एलियाच्या घरी गेलो. बाकीचं घर इस्रायलला गेलं होतं, आई राहिली होती. तिचा रेडिओ नुसता घूं-घूं करत होता. मी खोलला आणि दुप्पट व्होल्टचा कॅपॅसिटर घातला.

"आता फुटायचा नाय, आई. उधाणाच्या मापाचा हाय."

तिने पदराने रेडिओ पुसला. मग म्हणाली, "मानसं पन अशी बनवता आली असती तर रं?"

मी झाकणाचे स्क्रू आवळले. रेडिओ लावून दिला. स्पष्ट वाजत होता.

नाईक एलिया रोहेकर. सिग्नलवाला. रोह्याचा.