बाबाचं टेबल

मुलांनो, पुण्यात शिकायला यावं का, असं तुम्ही परवा विचारलंत. तुमच्या बाबाचं अभ्यासाचं टेबल विकायचं मी त्याआधीच ठरवलं होतं; आता ते तुम्हाला लागेल का हे कळायला हवं, म्हणून उत्तर लगेच लिहिते.

काल जुनं फर्निचर घेणारे गृहस्थ आले. त्यांनी टेबल हलवून पाहिलं, दोन्ही खण तीनदा उघडले.

"कॉलेजांचं गाव बरं," ते म्हणाले. "दर जूनला नवी पोरं येतात."

"आणि शिकून निघून जातात. माझा मुलगा गेला तसा."

"म्हणून तर आमचा धंदा चालतो, आजी. आता इथं अभ्यासाला कोणी नाही ना?"

"नातवंडं विचारतायत. नक्की नाही."

त्यांनी खण बंद केले. "मग नक्की करून बोलवा. उगाच तीन जिने चढायला लावलेत."

गावाचे फायदे-तोटे आमच्या या बोलण्यातच आले. मी भर घालत नाही. टेबल अजून खिडकीपाशीच आहे.