दोन खांबांची लिफ्ट

"निघायलोच, बाई!" असा आवाज जमिनीखालून आला की समजावं, मिस्त्री अजून अर्धा तास काही वर येत नाहीत.

परभणीत आमच्याच गल्लीत, घराच्या तळमजल्यावर त्यांचं गॅरेज. मधोमध खड्डा, खड्ड्यावर गाडी, आणि गाडीखाली मिस्त्री. मी वालूरच्या शाळेत रोज माझ्या जुन्या गाडीनं जाऊन-येऊन करते, म्हणजे मिस्त्रींशिवाय माझं पान हलत नाही. पण इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी बोलले ती बहुतेक त्यांच्या टाळूशी. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. रस्त्यात पुढ्यात उभी राहिली तर पटकन ओळखू येत नाहीत.

वरच्या खोलीत त्यांचे वडील, आबा. रेल्वेत गँगमन होते. गुडघे गेले आणि जिना सुटला, पण खिडकीतून रूळ दिसायचे, त्यामुळे म्हातारा खूश. काही हवं असलं की काठी फरशीवर आपटायचे. खाली छतातून ठक् ठक् व्हायचं. मिस्त्री खड्ड्यातून वर, तिथून जिना चढून वर, पाणी पाजून परत खड्ड्यात. सुनेनं पाणी नेलं तर आबा तोंड फिरवायचे. सुनेनं तरी किती सोसावं हो!

एका उन्हाळ्यात मिस्त्री खड्ड्यात बसले ते उठेनातच. कंबर धरली. आम्ही चौघांनी ओढून काढलं, तेव्हा एवढा आडदांड माणूस लेकरासारखा कण्हत होता. डॉक्टरांनी बजावलं, "आता खड्डा बंद." खड्डा बंद म्हणजे धंदा बंद. एकच वाट होती, गाडी वर उचलायची लिफ्ट घ्यायची आणि खाली ताठ उभं राहून काम करायचं.

मग सुरू झाली लिफ्टची निवड. अहो, लोक मुलीला स्थळ बघताना एवढे फिरत नाहीत! मोबाइलवर व्हिडिओ, नांदेडला फेऱ्या, येईल त्याला तोच प्रश्न. "बाई, दोन खांबांची घ्यावी का कैचीची?" कैचीची म्हणजे कात्रीसारखी उघडत वर जाणारी, खांब न रोवता बसणारी. मी मराठी शिकवते. मी काय सांगणार, कपाळ!

मिस्त्रींच्या बायकोचं, वहिनींचं, म्हणणं सरळ होतं. "हायवेला शेड घ्या भाड्यानं. उंची लय हाय तिथं. न्हाईतर कैचीची घ्या, उद्या उचलून कुटंबी नेता येईल."

"आन् आबाला पाणी कोण दील?" एवढं विचारून मिस्त्रींनी विषय मिटवला. घरातच बसवायची, दोन खांबांची. वहिनी आत गेल्या आणि भांड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

आता आमची काळी माती तुम्हाला ठाऊक आहे. उन्हाळ्यात हात जाईल अशी फाटते, पावसाळ्यात फुगते. तिच्यात खांब टिकायचे कसे? गवंड्यानं घरासाठी करतात तसंच केलं. माती उपसली, खड्डा बुजवला, मुरूम भरून दाबला, वर जाड काँक्रीट. शेवटी म्हणाला, "पावसाचं पाणी आत येतंय. करायलोच तर जमीन फूट-दीड फूट वर घेऊ." मिस्त्री हो म्हणाले, आम्हीही माना डोलावल्या. आमच्याकडं बांधकाम म्हटलं की सगळे जोत्याकडंच बघतात. वर कोण बघतो?

लिफ्ट आली. नारळ फुटला. पहिला मान माझ्या गाडीचा. घुं घुं करत ती वर निघाली, पोरांनी टाळ्या पिटल्या, आणि टप छताला लागायच्या बेतात आला तशी मिस्त्रींनी थांबवली. गाडीचं पोट त्यांच्या छातीशी. खाली वाकून शिरले. बसताही येईना, उभंही राहता येईना. टाळ्या आपोआप थांबल्या. जमीन वर घेतली तेवढी उंची गेली होती, आणि मागं फिरायला खड्डाही उरला नव्हता.

वरून ठक् ठक् झालं. "गेली का रं वर?"

"गेली आबा, मस्त गेली!" मिस्त्री वाकल्या वाकल्याच ओरडले.

पुढं त्यांची कंबर वाकलेली ती वाकलेलीच. स्लॅब फोडल्याशिवाय उंची मिळणार नव्हती, आणि स्लॅबवर आबांची खोली. ते गल्लीतल्या सगळ्यांना कळत होतं. एक दिवस शेजारच्या एकानं चहा पिता पिता बोलून दाखवलं, "थांबा की थोडं. म्हातारं आता किती दिसाचं?" मिस्त्रींनी हातातला पाना असा भिरकावला की त्याचा कप फुटला. "पुन्हा माझ्या दारात दिसू नको!" मला तेव्हा त्यांचा फार अभिमान वाटला. पण त्या छतातून काठीचा आवाज खाली येतो, तसं खालचं बोलणंही वर जातच असणार.

त्यानंतर एकदा मिस्त्री सामान आणायला नांदेडला गेले होते. मी शाळेतून आले तर अंगणात बाजेवर आबा! बसून, एकेक पायरी घसरत उतरले होते म्हणे. घरात स्लॅब फोडायचा ब्रेकर धडधडत होता. गवंड्याला त्यांनीच बोलावलं होतं.

"बाई, आता पोरगं ताठ ऱ्हाईल," ते म्हणाले. डोक्यावर सिमेंटची धूळ.

संध्याकाळी मिस्त्री आले. "आबा! कुणाला इचारून फोडलं?"

"माझी खोली हाय. तुला काय इचारायचं?"

मिस्त्री बाजेपाशी खाली बसले आणि आबांच्या गुडघ्यांना मिठी मारून रडले. आमच्यातलंही कुणी डोळे पुसायचं राहिलं नाही.

आबांची बाज खाली समोरच्या खोलीत आली. तिथून रूळ दिसत नव्हते. रेल्वेचा आवाज आला की विचारायचे, "कोणती गेली रं?" पुढच्याच हिवाळ्यात ते गेले.

परवा माझी गाडी नेली होती. मिस्त्रींनी बटण दाबलं, गाडी वर गेली आणि जुन्याच उंचीवर थांबली. वर सगळं मोकळं. आबांच्या हिरव्या भिंती, उघडी खिडकी, खुंटीला त्यांची टोपी. मिस्त्री कंबर धरून वाकले.

"अहो, वर न्या की अजून," मी म्हटलं. "जागा आहे ना आता."

त्यांनी मान वर केली. भिंतीकडं बघितलं.

"आबाच्या खोलीत चिखलाची टायरं कशी घालू, बाई?" म्हणाले, आणि तसेच वाकून गाडीखाली शिरले.